धुराड्याचा प्रश्न

माणसाची नीती मोठ्या प्रसंगी पारखली जाते, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. माझा अनुभव थोडा निराळा आहे. मोठे प्रसंग सरकारी कारकुनाच्या वाट्याला फारसे येत नाहीत. आणि आलेच, तर त्या वेळी काय करावे हे सांगणारी परिपत्रके असतात. खरी अडचण होते ती लहान प्रश्नांपाशी. त्यांच्यासाठी परिपत्रक नसते, साक्षीदार नसतो आणि कसेही वागले तरी कोणी जाब विचारणार नसतो. असा एक प्रश्न गेल्या पावसाळ्यात माझ्यापुढे उभा राहिला. तो एका जुन्या मोटारीच्या धुराड्याविषयी होता. तो सोडविताना मला स्वतःविषयी जे कळले ते फारसे भूषणावह नाही. तरीही ते सांगावेसे वाटते, कारण बदलीच्या गावी राहणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांना ते अगदीच अनोळखी वाटणार नाही.

मी सध्या बजबजला असतो. कलकत्त्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या डाव्या तीरावर हे गाव आहे. शियालदहहून निघालेला लोहमार्ग येथे येऊन संपतो. १९१४ साली ‘कोमागाता मारू’ जहाजातून परतलेल्या उतारूंवर गोळीबार झाला तो येथेच. बाहेरच्या जगाला गावाचे नाव ठाऊक असलेच तर त्यामुळे. एरवी हे तेलाचे आणि तागाचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नदीकाठाने तेलाच्या टाक्या उभ्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी तागाच्या गिरण्या. माझे घरमालक बंगाली, शेजारी बिहारी, कचेरीतले सहकारी दोन्ही. मराठी माझ्या कानावर येते ती दूरध्वनीवरून, किंवा गणेशोत्सवात हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात गेलो तर. बाकीच्या दिवसांत मी ज्या भाषांत बोलतो त्यांत माझा विनोद कोणाला कळत नाही आणि माझा राग कोणी मनावर घेत नाही.

अशा गावी माझ्याजवळ एक मोटार आहे, ही माझ्या पगाराशी विसंगत गोष्ट वाटेल. ती मी घेतलेली नाही. माझे मामा केंद्र सरकारच्या नोकरीत कलकत्त्यास आले आणि येथलेच झाले. त्यांनी १९९२ साली बेहाला येथील आपल्या घरासाठी एक काँटेसा मोटार घेतली. मामा-मामींना मूलबाळ नव्हते. मे महिन्याच्या सुटीत मी साताऱ्याहून येथे येत असे तेव्हा त्या मोटारीच्या मागच्या आसनावर लोळत मी निम्मे कलकत्ता पाहिले. तीन वर्षांपूर्वी मामा वारले आणि मामींनी मोटारीच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.

काँटेसा ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. हुगळीच्याच काठी, पण शहराच्या उत्तरेस, उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना होता. अँबॅसडर तेथे होत असे आणि १९८४ पासून काँटेसाही होऊ लागली. लांब नाक, रुंद खांदे, जमिनीलगतची बैठक. रस्त्यावरून जाताना ती जणू छाती पुढे काढून चालते. म्हणून हौशी लोक तिला हिंदुस्थानची ‘मसल कार’ म्हणतात. अमेरिकेत १९६४ साली पाँटिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचे आठ सिलिंडरी यंत्र बसविले, तेव्हापासून हा शब्दप्रकार रूढ झाला असे मानतात. आमच्या काँटेसाच्या यंत्राची क्षमता १.८ लिटर आणि त्याला सिलिंडर चार. तेव्हा हे नाव म्हणजे पैलवानाच्या नावावरून चिरंजीवाचे नाव ठेवण्यापैकी आहे. २००२ साली तिचे उत्पादन थांबले आणि २०१४ च्या मे महिन्यात कारखान्याचेही काम बंद पडले.

गेल्या श्रावणात तारातला भागात रस्त्यावर पाणी तुंबले होते. तापलेली गाडी मी त्या पाण्यात घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून यंत्रातून फट्‌फट् असा आवाज येऊ लागला. मल्लिकबाजारात जुन्या मोटारींचे सुटे भाग मिळतात. तेथल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे मामा नेहमी जात. सारे त्यांना उस्ताद म्हणतात. उस्तादांनी यंत्रावर कान ठेवून ऐकले आणि म्हणाले, “बाबू, मॅनिफोल्ड तडकला आहे. लाल झालेल्या बिडावर थंड पाणी पडले की दुसरे काय होणार?”

मॅनिफोल्ड म्हणजे यंत्राच्या कुशीला लागून असलेला बिडाचा ओतीव भाग. चारही सिलिंडरांतला जळून उरलेला वायू त्यात येतो आणि तेथून एका नळीने मागे सायलेन्सरकडे जातो. चार बिऱ्हाडांची एक सामाईक मोरी असावी तसा हा प्रकार आहे. उस्तादांनी मला दोन मार्ग सांगितले. एक, जुन्या गाड्यांच्या मोडीतून दुसरा बिडाचा मॅनिफोल्ड शोधायचा; मिळेलच अशी खात्री नाही आणि मिळाला तरी तोही तीस वर्षांचा. दुसरा मार्ग, हेडर बसवायचा. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला पोलादी पत्र्याची आपापली स्वतंत्र नळी असते. चारही नळ्या शक्य तितक्या सारख्या लांबीच्या ठेवून पुढे एका ठिकाणी मिळवितात. उस्तादांच्या ओळखीचा एक कारागीर तो आठ दिवसांत करून देणार होता, आणि शोधाशोधीपेक्षा तो स्वस्तही पडणार होता. “गाडीला जान येईल, बाबू,” उस्ताद म्हणाले.

मामींना विचारले. त्या म्हणाल्या, “अरे, आता गाडी तुझी. तुला योग्य वाटेल ते कर.” परवानगीने नैतिक प्रश्न सुटतो असा माझा समज होता, तो त्या वाक्याने गेला. परवानगी मिळाली की प्रश्न उलट सर्वस्वी आपल्या एकट्याच्या अंगावर येतो.

पहिला विचार मनात आला तो निष्ठेचा. मामांनी जशी गाडी ठेवली तशीच ती ठेवावी. मूळ वस्तूला हात लावू नये. कलकत्त्यात जुन्या मोटारींचा जो सोहळा ‘द स्टेट्समन’ वृत्तपत्राने अनेक दशके भरविला, त्यासारख्या ठिकाणी परीक्षक मूळपणालाच मोल देतात. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी जे नियम केले त्यांतही पन्नास वर्षांवरील आणि मूळ रूपात राखलेले वाहन तेवढे ‘व्हिंटेज’ मानले आहे. मी बी. ए. ला तर्कशास्त्र घेतले होते. तेव्हा ‘मूळ’ या शब्दाला चाचपून पाहिल्यावाचून मला राहवले नाही. चाचपताच तो शब्द हातातून निसटू लागला.

कारण आमच्या काँटेसात मूळ ते काय? तिचा सांगाडा इंग्लंडातील व्हॉक्सहॉल कंपनीच्या गाडीवरून घेतलेला. ती गाडी तिकडे १९७८ साली बंदही झाली होती. आरंभी काँटेसाला अँबॅसडरचे १४८९ घन सेंटिमीटरचे यंत्र होते. त्या भारी अंगाला ते पुरेना, म्हणून पुढे खुद्द कारखान्यानेच ते काढून जपानच्या इसुझु कंपनीच्या आराखड्याचे यंत्र बसविले. म्हणजे इंग्रजी देह, जपानी हृदय आणि हुगळीकाठच्या मजुरांचे हात. ज्या कारखान्याने आपल्या गाडीचे काळीजच बदलले, त्याच्या नावाने मी एका नळीसाठी सोवळे पाळावे, यात काय अर्थ? शिवाय बिडाचा मॅनिफोल्ड काही शास्त्रवचन नव्हे. ओतण्यास सोपा, टिकाऊ, स्वस्त आणि थोडक्या जागेत मावणारा, अशा हिशेबाने तो केलेला असतो. त्यात कारागिराइतकाच हिशेबनिसाचाही हात असतो.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? चाके रथ नव्हेत, आस रथ नव्हे, जू रथ नव्हे. या साऱ्यांच्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेले ते एक नाव आहे. हा युक्तिवाद मला मानवला. मॅनिफोल्ड म्हणजे काँटेसा नव्हे, आणि तो बदलल्याने काँटेसा नाहीशी होणार नाही. तेव्हा निव्वळ मूळपणाच्या आधारावर हेडरला नकार देणे म्हणजे विचार करण्याचे टाळणेच होय, असे मी ठरविले. खरे सांगायचे तर या निष्कर्षाने मला आनंद झाला. कारण मनातून मला हेडर हवा होता.

आता दुसरा विचार, गुणाचा. हेडरने गाडी खरोखर सुधारते काय? याचे उत्तर देण्यासाठी यंत्राच्या आत थोडे डोकावले पाहिजे. यंत्र मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पंचवीस वेळा आपला वायू बाहेर टाकतो. चौघांचे मिळून शंभर हुंकार होतात. प्रत्येक हुंकाराबरोबर दाबाची एक लाट नळीतून ध्वनीच्या वेगाने पुढे जाते. सामाईक मोरीत एकाची लाट दुसऱ्याच्या दाराशी अडखळते, त्यामुळे थोडी शक्ती वायू ढकलण्यातच खर्ची पडते. स्वतंत्र नळीत तसे होत नाही. उलट एक नवल घडते. लाट नळीच्या उघड्या टोकाशी पोचली की तेथून विरळ दाबाची लाट परत फिरते. ती नेमक्या क्षणी सिलिंडरच्या दाराशी आली तर आत उरलासुरला जळका वायू ओढून घेते आणि पाठोपाठ ताजे मिश्रण आत येण्यास मदत करते. जाणारा येणाऱ्याला हात देतो, असेच म्हणा ना.

परंतु सारी गोम आहे ती ‘नेमक्या क्षणी’ या दोन शब्दांत. नळीची लांबी ठरलेली आहे, लाटेचा वेगही जवळपास ठरलेला आहे. म्हणून हा क्षण यंत्राच्या एका विशिष्ट गतीलाच साधतो. त्या गतीच्या आसपास हेडर उदार असतो. इतर गतींना ती लाट लवकर किंवा उशिरा येते आणि कधीकधी मदत करण्याऐवजी आडवीही येते. काँटेसाच्या पोटात जागा बेताची, म्हणून उस्तादांच्या कारागिराच्या नळ्या आखूड व रुंद होत्या. अशा नळ्यांचा क्षण वरच्या गतीत येतो आणि खालच्या गतीतली ओढ त्या थोडी कमीच करतात. शिवाय पातळ पोलाद यंत्राच्या कोठीत अधिक उष्णता टाकते आणि हुगळीकाठच्या दमट हवेत बिडाच्या मानाने लवकर गंजते. हे सारे उस्तादांनी मला आडपडदा न ठेवता सांगितले. मागचा सायलेन्सरही मोकळा केल्याशिवाय हेडरचा पुरता लाभ मिळणार नाही, हेही सांगितले. विक्रेत्याने इतके खरे बोलल्यावर ग्राहकाला फसण्यासाठी स्वतःचीच मदत घ्यावी लागते.

तरीही मी म्हणालो, “एकदा चालवून पाहिले पाहिजे.” उस्तादांच्या एका गिऱ्हाइकाची हेडर लावलेली काँटेसा दुरुस्तीला आली होती. मालकाच्या संमतीने ती मला एका रविवारी सकाळसाठी मिळाली. जिंजिराबाजारापासून बाटानगरापर्यंत जो लांबलचक उड्डाणपूल आहे त्यावर मी ती घातली. पहाटेची वेळ होती, पूल मोकळा होता. तिसऱ्या गतिचक्रात असताना मी पाय दाबला, आणि काट्याने साडेतीन हजारांचा आकडा ओलांडताच गाडीचा स्वभाव पालटला. गुरगुर थांबून एक सलग, भरीव, चढता स्वर निघू लागला. पाठ आसनाला चिकटली. त्या अर्ध्या मिनिटाविषयी मी खोटे बोलणार नाही. चौतीस वर्षांच्या आयुष्यात मला इतका निखळ आनंद फार थोड्या वेळा झाला आहे. जो कोणी या आनंदाला क्षुद्र म्हणेल त्याने तो अनुभवलेला नाही, एवढेच मी म्हणेन.

पूल संपला. पुढे बजबज ट्रंक रोड, त्यावर सायकल-रिक्षा, टोटो, तागाच्या गाठी लादलेले ट्रक आणि तेलाचे टँकर. तासाला वीस किलोमीटर, काट्यावर बाराशे-पंधराशे फेरे. येथे तीच गाडी अडखळू लागली, रुसल्यासारखी धक्के देऊ लागली. माझा रोजचा रस्ता हाच. वर्षातून किती पहाटे मी त्या पुलावर असणार? मनाशी हिशेब केला, तो दोन हातांच्या बोटांत संपला.

या ठिकाणी मला माझ्या प्रश्नाचे खरे स्वरूप दिसले. जगात निरपेक्ष सुधारणा नावाची वस्तू नाही. प्रत्येक सुधारणा कोणत्या तरी एका गतीसाठी असते आणि ती दुसऱ्या कोणत्या तरी गतीकडून किंमत वसूल करते. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर पूर्वी शर्यती होत. तेथे उतरणाऱ्याने हेडर न लावणे हा मूर्खपणा ठरला असता. ‘कोणता चांगला?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘मी प्रत्यक्षात कोणत्या गतीने जगतो?’ हे आधी विचारले पाहिजे. आणि त्याचे उत्तर खरे दिले पाहिजे. नीतीचा संबंध येतो तो येथे. कारण आपण आपली गती खोटी सांगतो. घरात वाचणारे दोघे असताना आपण काचेचे कपाट भरून ग्रंथ घेतो. वर्षात चार पाहुणे येणार असताना चाळीस माणसांची भांडी घेतो. आणि बदलीच्या गावी दोन वर्षे राहायचे असताना तेथल्या लोकांवर कायमची छाप पाडण्याच्या खटाटोपात पडतो. ज्या आयुष्यासाठी आपण खरेदी करतो ते आणि जे आयुष्य आपण जगतो ते, या दोहोंत पुष्कळ अंतर असते. ते अंतर बहुधा आपण स्वतःपासूनच लपवितो.

मग मी कोणत्या आयुष्यासाठी हेडर घेणार होतो? वेगासाठी नव्हे, हे हिशेबाने सिद्ध झाले होते. उत्तर मला त्याच सकाळी मिळाले. गाडी उस्तादांकडे नेऊन देण्यापूर्वी, काही कारण नसताना, मी ती माझ्या गल्लीत आणली. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना भिंती; आवाज दुप्पट झाला. पोरे धावत आली. चहावाल्याने वर पाहिले. आणि मला वाटले, आज या गावाला कळले की मी आहे. दोन परीक्षांत बढती हुकलेला, चुकीच्या लिंगवचनाची बंगाली बोलणारा हा महाराष्ट्रीय बाबू आज काही न बोलता सगळ्यांना ऐकू आला. मला वेग नको होता, शक्तीही नको होती. मला ऐकू जायचे होते. बंगालीत लिंगवचनाची अडचणच नाही, हे येथे कबूल करतो. ती माझ्या मराठी कानाची भीती. पण ती इच्छा मात्र खरी होती, आणि घरापासून हजार कोसांवर राहणाऱ्या माणसाला ती होणे अस्वाभाविक नाही, असे मला अजूनही वाटते.

माझ्या शेजारी तागाच्या गिरणीतला एक कामगार राहतो. त्याची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. तो नुकताच येऊन आडवा झाला असावा. आवाजासरशी त्याची खिडकी उघडली. त्याने पाहिले, मोटार बाबूंची आहे हे ओळखले, आणि काही न बोलता खिडकी लावून घेतली.

त्याने शिवी दिली असती तर मी कदाचित भांडलो असतो आणि हेडर बसवूनही घेतला असता. पण तो बोलला नाही. का बोलला नाही हे मला ठाऊक होते. मी सरकारी माणूस. माझ्या कचेरीचा त्याच्याशी काडीचा संबंध नसला तरी ‘बाबूं’शी वाकडे घेऊ नये, हे त्याला त्याच्या बापाने शिकविले असणार. माझ्या ऐकू जाण्याची किंमत तो मुकाट्याने देणार होता, आणि तो मुका आहे म्हणूनच ती किंमत मला शून्य दिसत होती. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९९६ सालीच ध्वनिक्षेपकांच्या एका प्रकरणात सांगितले आहे की, न ऐकण्याचाही माणसाला अधिकार आहे. इच्छा नसता कोणाला श्रोता करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या १९०व्या कलमात ध्वनी व वायू यांच्या मर्यादा मोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी २०१९ च्या दुरुस्तीनंतर तरतूद आहे. पण मी खरे सांगतो, त्या खिडकीपुढे मला कलमे आठवली नाहीत. कायदा तक्रार करणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो. जो तक्रार करणारच नाही त्याच्या बाजूने कोण उभे राहणार? तेथे दुसऱ्या कोणाची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

बजबजला राहिल्यामुळे मला एक गोष्ट रोज दिसते. तेलाच्या कोठारांबाहेर टँकरांची रांग लागलेली असते. त्या प्रत्येक टँकरच्या धुराड्याला ठिणगीरोधक जाळी बसविलेली असते. ती असल्यावाचून आत प्रवेश नाही. टँकर ज्याचा असेल त्याचा असो, आतले यंत्र त्याने कसेही सांभाळावे. पण धुराड्यातून उडणारी ठिणगी ही त्याची खाजगी बाब नाही, हे येथे अडाणी क्लीनरलाही समजते. यंत्राच्या आत जे घडते ते आपले; बाहेर जे पडते ते सर्वांचे. मॅनिफोल्ड की हेडर हा प्रश्न मी आतल्या बाजूने, शक्तीच्या आणि मूळपणाच्या अंगाने सोडवीत होतो. वस्तुतः धुराडे हा मोटारीचा एकमेव भाग असा आहे की जो मालकासाठी नसून मालकानंतर येणाऱ्यांसाठी आहे. मालक पुढे बसतो, धूर मागे जातो.

येथे एक आक्षेप मी स्वतःवरच घेतला, तो नोंदविणे प्रामाणिकपणाचे ठरेल. हे सारे तत्त्वज्ञान म्हणजे कारकुनी भित्रेपणाला चढविलेला मुलामा तर नव्हे? ‘जैसे थे’ असा शेरा मारून फाइल परत करणे हा आमचा स्वभाव. बदल नको, जोखीम नको, कोणाचे डोळे आपल्याकडे नकोत. आणि मग याच भीतीला संयम असे नाव द्यायचे. आक्षेप खरा आहे. आमच्यातल्या कितीतरी जणांचा सज्जनपणा हा केवळ संधीचा अभाव असतो. मला वाटते, भीती आणि संयम यांत एकच फरक आहे. भित्र्याला आपण काय सोडले हे ठाऊक नसते. द्राक्षे आंबट आहेत असे तो न चाखताच म्हणतो. मी ती चाखली होती आणि ती गोड होती. त्या पुलावरच्या अर्ध्या मिनिटाची आठवण आजही माझ्या पाठीत आहे. ती ठेवून ‘नको’ म्हणायचे होते. शिवाय हे ‘नको’ सर्वांसाठी नाही. ज्याच्याजवळ शर्यतीचे मैदान आहे, ज्याच्या गल्लीत कोणी निजलेले नाही, त्याने हेडर जरूर बसवावा. त्याला मी नावे ठेवणार नाही. माझे उत्तर माझ्या रस्त्यापुरते आणि माझ्या गल्लीपुरते आहे.

उस्तादांना सांगितले तेव्हा ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, “तर मग शोधता कशाला? हाच जोडून घ्या. हावड्याला करतील.” हा तिसरा मार्ग आम्हा दोघांनाही आधी सुचला नव्हता. नवे घेण्याचा विचार डोक्यात शिरला की डागडुजी आठवत नाही, हेही त्या निमित्ताने कळले.

मॅनिफोल्ड काढून मी तागाच्या पोत्यात बांधला आणि एका शनिवारी नावेने नदी ओलांडून बाउडियाला गेलो. तेथून लोकलने हावडा. बेलिलियस रोडच्या बाजूला ओतकामाची आणि लोहारकामाची लहान लहान दुकाने आहेत. अशाच एका दुकानात तो दिला. बीड जोडणे नाजूक काम. ते आधी सावकाश तापवावे लागते, मग निकेलच्या सळईने तडा भरतात, आणि नंतर तो भाग रात्रभर राखेत पुरून ठेवतात. कारण घाईने निवाले तर बीड सांध्याशेजारीच पुन्हा तडकते. दुसऱ्या दिवशी राखेतून काढला तेव्हाही तो कोमट होता. सांध्याची रेघ स्पष्ट दिसत होती. म्हणजे आता तो मूळचाही राहिला नाही आणि नवाही झाला नाही. जाण्यायेण्याचा खर्च आणि दोन रजा धरून हेडरपेक्षा थोडे अधिकच पैसे गेले.

गाडी सुरू झाली. तीच जुनी, जराशी घोगरी, दबकी घरघर. गल्लीतून निघालो तर चहावाल्याने मान वर केली नाही. मला किंचित वाईट वाटले, हे लपवीत नाही.

पुढच्या रविवारी बेहालाला गेलो. मामींची पाठ अलीकडे दुखते. दार उघडायला त्यांना वेळ लागतो, म्हणून मी नेहमी फाटकाशी थांबून दोनदा हॉर्न वाजवितो. त्या दिवशी वळणावर वळलो तो त्या आधीच दारात उभ्या होत्या, पदराला हात पुशीत. “चहा टाकला आहे,” त्या म्हणाल्या, “आवाजावरून कळलं.”

हॉर्न मी अजून वाजविला नव्हता.